दगडाच्या कडेवरची नावे

आयर्लंडच्या प्राचीन इतिहासाबद्दल एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. तिच्यात एका बाजूला ड्रुइड पुरोहित, त्यांची गूढ लिपी आणि त्या लिपीत कोरलेले उभे दगड असतात. दुसऱ्या बाजूला संत पॅट्रिक, क्रूस आणि लॅटिन पोथ्या. पाचव्या शतकात दुसरी बाजू पहिलीवर मात करते, जुन्या दगडांवर क्रूस खोदले जातात आणि ती लिपी विस्मरणात जाते. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणून टिकली आहे. पण ज्या दगडांच्या भरवशावर ती सांगितली जाते ते दगड, त्यांच्यावरची भाषा आणि ज्या शेतांत, ज्या ओसाड दफनभूमींत ते उभे आहेत ती जागा, हे तिन्ही एकत्र वाचले की तिचा पाया ढासळतो. ओघम लिपीतले हे दगड पराभूत धर्माचे अवशेष आहेत असे मानायला पुरावा नाही. ते घराण्यांचे आणि जमिनीचे दस्तऐवज आहेत. ख्रिस्ती धर्म आयर्लंडमध्ये मुळे धरत होता त्याच दोन-अडीच शतकांत ते घडले, आणि तो धर्म तिथे रुजला तोही याच घराण्यांच्या आधाराने. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे.

आधी लिपीची ओळख करून घ्यायला हवी, कारण पुढचे बरेचसे तिच्या रचनेवर अवलंबून आहे. ओघम लिपीत मूळची २० अक्षरे आहेत, पाच-पाचांच्या चार गटांत मांडलेली. अक्षर म्हणजे एका सरळ रेषेला धरून ओढलेल्या एक ते पाच रेघा. दगडावर ही आधाररेषा वेगळी कोरायची गरज नसते. उभ्या दगडाची धारदार कड हीच ती रेषा. एका गटाच्या रेघा कडेच्या उजव्या अंगाला, दुसऱ्याच्या डाव्या अंगाला, तिसऱ्याच्या कड ओलांडून तिरप्या जाणाऱ्या. आणि स्वर म्हणजे खुद्द कडेवर पाडलेल्या खाचा. वाचन खालून सुरू होते, डाव्या कडेने वर चढते आणि मजकूर लांब असेल तर माथ्यावरून वळून उजव्या कडेने खाली येते. या दगडांवर सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘माक्वी’, म्हणजे ‘मुलाचा’. तो कोरायचा तर ‘म’साठी कडेवरून एक तिरपी रेघ, ‘आ’साठी एक खाच, ‘क्व’साठी डावीकडे पाच रेघा आणि ‘ई’साठी पाच खाचा. छिन्नीच्या अवघ्या १२ घावांत शब्द पुरा होतो. घाव थोडे लागतात ही सोय, आणि सगळा मजकूर दगडाच्या सर्वांत नाजूक भागावर, कडेवर, येतो ही अडचण. ही अडचण पुढे एका मोठ्या वादात महत्त्वाची ठरणार आहे.

असे सुमारे ४०० लेख आज ज्ञात आहेत. बहुतेक आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड या तीन काउंट्यांत. एकट्या केरीत जवळपास एक तृतीयांश. समुद्रापलीकडे वेल्समध्ये, कॉर्नवॉल-डेव्हनमध्ये, आइल ऑफ मॅनवर आणि स्कॉटलंडमध्येही ते सापडतात, कारण रोमन सत्ता ब्रिटनमध्ये खिळखिळी झाल्यावर आयरिश लोक तिथे जाऊन वसले होते. मजकूर विलक्षण एकसुरी आहे: अमक्याच्या मुलाचा, तमक्या कुळाचा. ना देवाची प्रार्थना, ना राजाची प्रशस्ती, ना तारीख. नावे बहुतेक षष्ठी विभक्तीत असतात, म्हणजे ‘हा दगड अमक्याचा’ यातला ‘हा दगड’ गृहीत धरलेला. ही भाषा आयरिशचे सर्वांत जुने लिखित रूप असून इंडो-युरोपीय कुळातली आहे, त्यामुळे तिच्यातल्या षष्ठीच्या ‘-आस’ प्रत्ययाचे संस्कृतातल्या ‘देव्याः’सारख्या रूपाशी सख्खे नाते आहे. एकोणिसाव्या शतकात जुन्या आयरिशच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत व्हिटली स्टोक्स हा विद्वान होता. तो १८६२ ते १८८२ या काळात मद्रास आणि कलकत्त्यात कायद्यांचे मसुदे करण्याच्या नोकरीत होता, आणि ‘कॉर्मकचा शब्दकोश’ या मध्ययुगीन आयरिश ग्रंथाचे त्याने संपादित केलेले भाषांतर १८६८ मध्ये कलकत्त्यातच छापले गेले.

लिपी गूढ होती, तिची किल्ली ड्रुइडांसोबत गेली, ही समजूत तर एका पोथीनेच खोटी ठरते. १३९०च्या सुमारास तयार झालेल्या ‘बुक ऑफ बॅलिमोट’ या हस्तलिखितात ओघमचे सगळे तक्ते दिले आहेत. कवींच्या शाळांतून ती लिपी मध्ययुगभर शिकवली जात होती. स्वित्झर्लंडमधल्या संत गॅलच्या मठात प्रिस्कियनच्या लॅटिन व्याकरणाची नवव्या शतकातली एक प्रत आहे. ती आयरिश भिक्षूंनी उतरवली, आणि तिच्या समासात एकाने ओघममध्येच एक शब्द टिपून ठेवला आहे: आदल्या रात्री मद्य जास्त झाल्याची कबुली. ज्या लिपीत मठातला लेखनिक असली शेरेबाजी करतो, ती लिपी त्याच्या धर्माच्या शत्रूची असेल हे संभवत नाही. आधुनिक काळात चार्ल्स ग्रेव्ह्ज या गणितज्ञाने, जो पुढे लिमरिकचा बिशप झाला, अक्षरांच्या वारंवारतेचा हिशेब मांडून आणि वेल्समधल्या द्विभाषिक दगडांचा ताळा घेऊन हे लेख वाचनाच्या वाटेवर आणले. सेंट डॉगमेल्सच्या दगडावर लॅटिनमध्ये ‘कुनोतामसचा पुत्र सॅग्रानस याचा’ असे लिहिले आहे आणि कडेवर ओघममध्येही तेच. तिथे लॅटिनच्या ‘फिली’समोर ‘माक्वी’ येतो. विसाव्या शतकात ‘वृक्षांची लिपी’ म्हणून जी कल्पना जगभर गाजली, तिचा मोठा प्रसार रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९४८च्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकाने केला. तो याच चार्ल्स ग्रेव्ह्जचा नातू. ओघमच्या काही अक्षरांना झाडांची नावे आहेत हे खरे, पण सगळ्यांना नाहीत, आणि दगडांवरच्या मजकुरात झाडांचे पंचांग कुठेही नाही.

लिपी आली कुठून? इथे पहिला खरा आक्षेप येतो. आयरिश कथांत ओग्मा नावाच्या देवाने ती निर्माण केली असे म्हटले आहे, आणि वीरकथांत लाकडाच्या फांद्यांवर ओघम कोरल्याचे उल्लेख आहेत. मग लिपी मुळात लाकडावरची, म्हणजे ख्रिस्ती काळाच्या कितीतरी आधीची का नसावी? लाकडावर ती आधी लिहिली गेली असेल हे मलाही पटते. लाकूड कुजते, दगड उरतो. पण तेवढ्याने ती फार प्राचीन ठरत नाही. स्वर आणि व्यंजने वेगळी काढून गटांत बसवणे हे ज्याला आधीच एखादी वर्णमाला येते त्याचे काम आहे. त्या काळी आयर्लंडच्या शेजारी रोजच्या वापरात असलेली वर्णमाला एकच होती, लॅटिन. व्यापार, लूटमार, सैन्यातली चाकरी आणि स्थलांतर यांतून आयरिश लोकांचा तिच्याशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध होता. लॅटिन अक्षरे जशीच्या तशी न घेता त्यांनी आपल्या भाषेच्या ध्वनींना बेतलेली स्वतःची लिपी घडवली. त्या काळच्या आयरिशमध्ये ‘प’ हा ध्वनी नव्हता, म्हणून मूळच्या २० अक्षरांत ‘प’ नाही. म्हणजे ओघम हे रोमन जगाशी झालेल्या ओळखीचे फळ आहे, आणि ख्रिस्ती धर्मही आयर्लंडमध्ये त्याच वाटेने आला.

आता काळ पाहू. दगडांवर तारखा नाहीत, पण भाषा बदलताना खुणा सोडते. जुन्या लेखांत नावांचे शेवटचे प्रत्यय शाबूत आहेत, नंतरच्या लेखांत ते गळून पडलेले दिसतात. एके काळचे ‘लुगुदेक्कास’ पुढे हस्तलिखितांत ‘लुइग्देख’ होते. ‘माक्वी’चा आधी ‘माक्व’ आणि मग ‘माक’ होतो, तोच आजच्या ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांतला. भाषेवरून काळ आणि काळावरून भाषा ठरवणे ही फसवी फिरकी नव्हे का, असे कोणी विचारील. तसे होत नाही, कारण या साखळीची दोन्ही टोके बाहेरच्या पुराव्याला बांधलेली आहेत: अलीकडचे टोक सातव्या-आठव्या शतकांतल्या लिखित आयरिश मजकुरांना, आणि पलीकडचे वेल्समधल्या लॅटिन लेखांच्या घडणीला. या मोजणीने बहुतेक दगड पाचव्या आणि सहाव्या शतकांत येतात, थोडे चौथ्याच्या शेवटी, थोडे सातव्यात. आणि पाचव्या शतकाबद्दल एक पक्की तारीख आहेच. पोपने ४३१ मध्ये पॅलेडियसला ‘ख्रिस्तावर श्रद्धा असलेल्या आयरिश लोकांचा’ पहिला बिशप म्हणून पाठवले, असे समकालीन लेखक प्रॉस्पर नोंदवतो. बिशप पाठवायचा तर आधीच ख्रिस्ती समाज तिथे हवा. म्हणजे बहुतेक ओघम दगड उभे राहिले तेव्हा बेटावर ख्रिस्ती माणसे नांदत होती, आणि दक्षिण किनारा तर परदेशी जहाजांना सर्वांत मोकळा.

इथपर्यंतचा पुरावा फार तर शेजार दाखवतो. नाते दाखवायला खुद्द दगडच हवेत, आणि ते आहेत. केरीतल्या डिंगल द्वीपकल्पात ब्रँडन पर्वताच्या उत्तर अंगाला, वस्तीपासून खूप उंचावर, ॲराग्लेनचा दगड उभा आहे. त्यावर क्रूस आहेत, आणि कडेवरच्या ओघममध्ये लिहिले आहे: ‘क्रिमितिर रोनान, कोमोगानचा मुलगा’. ‘क्रिमितिर’ म्हणजे धर्मगुरू. लॅटिन ‘प्रेस्बिटर’ ब्रिटनच्या वाटेने आयरिशमध्ये आला आणि ‘प’ उच्चारता येत नसल्याने त्याचा असा पालट झाला. एक ख्रिस्ती पुरोहित आपल्या नावाचा दगड ओघममध्ये उभा करतो, आणि त्यावर बापाचे नाव त्याच जुन्या साच्यात घालतो. त्याच द्वीपकल्पात मॉमनॉरिगच्या दगडावर कोल्मान नावाच्या यात्रेकरूचे नाव ओघममध्ये आहे. व्हॅलेन्शिया बेटाजवळच्या चर्च आयलंड या चिमुकल्या बेटावर एम. जे. ओ’केली यांनी १९५५-५६ मध्ये उत्खनन केले. तिथे सापडलेल्या दगडावर क्रूसही आहे आणि ओघमही, पण क्रम लोकप्रिय गोष्टीच्या नेमका उलटा: क्रूस आधीचा, ओघम नंतर कोरलेले. किलमाल्केडरच्या आवारात बाराव्या शतकातल्या चर्चच्या भिंतींशेजारी माथ्याजवळ भोक पाडलेला एक उंच ओघम दगड उभा आहे. त्यावर ‘माइले-इनबिर, ब्रोकानचा मुलगा’ असे नाव आहे आणि ‘माक्वी’ची जागा नंतरच्या ‘माकी’ने घेतलेली आहे. त्याच ठिकाणी लॅटिन वर्णमाला कोरलेला दुसरा दगड आहे. दोन लिप्या एकाच आवारात, एकाच समाजाच्या.

रॉबर्ट मॅकॅलिस्टर या पुरातत्त्वज्ञाचे मत मात्र वेगळे होते, आणि त्याचा अधिकार लहान नव्हता. १९४५ साली प्रसिद्ध झालेला त्याचा लेखसंग्रह आजही प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असतो. त्याच्या लक्षात आले की अनेक दगडांवर ‘मुकोई’, म्हणजे ‘कुळाचा’, हा शब्द आणि त्यापुढचे मूळपुरुषाचे नाव खराब झालेले आहे. ही मूळ नावे पुष्कळदा जुन्या देवतांची, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी ती मुद्दाम ठोकून काढली, असा त्याचा निष्कर्ष. तर्क देखणा आहे. पण लेख खालून वर चढतो आणि ‘मुकोई’ हा भाग नेहमी शेवटी येतो, म्हणजे तो माथ्याजवळ पडतो, किंवा वळून उताराच्या कडेवर. पाऊस, वारा, गुरांचे अंग घासणे, फाटकाचा खांब म्हणून दगड वापरताना बसणारे फटके, हे सगळे माथा आणि कडा आधी खातात. डेमियन मॅकमॅनस यांनी १९९१च्या आपल्या ग्रंथात मॅकॅलिस्टरचा हा सिद्धान्त तपासून नाकारला, आणि मला त्यांचा कौल पटतो. त्याला एक साधे कारण पुरते: द्वेषाने खोडायचेच होते तर देवतेची नावे शाबूत ठेवून क्रूस मिरवणारे दगड उरलेच नसते.

ते उरले आहेत. डिंगल गावापासून जवळच बॅलिंटॅगर्ट नावाची गोल दफनभूमी आहे. तिच्यात नऊ ओघम दगड आहेत, उभ्या खांबासारखे नव्हेत, तर लाटांनी घासल्यासारखे गुळगुळीत, लांबट वाळूखडकाचे गोटे. काहींवर क्रूस आहेत. एकावर तीन भावांची मिळून नोंद आहे: ‘माइलाग्नीचे तीन मुलगे’. दुसऱ्यावर नाव, मग ‘इथे’ या अर्थाचा ‘कोई’, आणि मग ‘मुकोई दोविनियास’. ‘इथे’ हा शब्द लॅटिन ख्रिस्ती कबरींवरच्या ‘इथे विसावला आहे’ या ठरावीक वाक्यावरून घेतलेला असावा. आणि दोविनिया ही या द्वीपकल्पाच्या कुळाची आदिमाता, बहुधा मुळात देवताच. तिचे नाव द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला डनमोर हेडवरच्या दगडावरही आहे, आणि आजही आयरिश भाषेत हा सगळा प्रदेश तिच्याच नावाने ओळखला जातो: कोर्का दुव्ने, म्हणजे दुव्नेची संतती. क्रूस स्वीकारणाऱ्या माणसाला आदिमातेचे नाव टाकावेसे वाटले नाही, कारण ते नाव त्याचा देव्हारा नव्हते. ते त्याच्या जमिनीवरच्या हक्काचे नाव होते.

जमिनीचा मुद्दा मी ओढूनताणून आणत नाही. सातव्या-आठव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या आयरिश कायद्याच्या ग्रंथांत, जमिनीची मालकी कशाकशाने सिद्ध होते ते सांगताना दगडावरचे ओघम हा पुरावा म्हणून येतो. हे ग्रंथ ख्रिस्ती समाजाने लिहिले आणि ख्रिस्ती समाजात चालले. जिवंत साक्षीदार नसेल तेव्हा दगड साक्ष देतो, अशी ती कल्पना. अमक्याचा मुलगा, तमक्या कुळाचा, या एकसुरी मजकुराचा अर्थ इथे उलगडतो: वारसा सांगायला एवढे तीनच दुवे लागतात. स्मारक आणि सातबारा हे दोन्ही एकाच दगडात आहेत असे म्हटले तर महाराष्ट्रातल्या वाचकाला ते चटकन कळेल.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. ओघम दगड जुन्या चर्चच्या आवारांत मोठ्या संख्येने सापडतात, पण ते तिथे मुळात होते कशावरून? शेतकऱ्यांनी बांधावरचा दगड उचलून दफनभूमीत नेऊन ठेवला असेल, पाद्र्यांनी जमवले असतील. हा आक्षेप बऱ्याच अंशी बरोबर आहे, आणि म्हणून चर्चच्या आवारांत किती टक्के दगड सापडतात या हिशेबावर मी काहीच उभारत नाही. पण ॲराग्लेनचा पुरोहित आपल्या दगडावर आहे, आवारात नव्हे. चर्च आयलंडचा क्रम दगडावर आहे. बॅलिंटॅगर्टचे ‘इथे’ दगडावर आहे. जागा बदलली तरी हे बदलत नाही. आणि जिथे दगडांऐवजी जागाच उत्खननाने वाचली गेली, तिथेही चित्र जुळते. बॅलिंटॅगर्टपासून फार दूर नसलेल्या रीस्क येथे टॉमस फॅनिंग यांनी १९७२ ते १९७५ या काळात खोदकाम केले. दगडी गोल कुसू, आत चुन्याशिवाय रचलेले छोटे प्रार्थनागृह, प्रत्येक थर आत सरकवत छतापर्यंत नेलेल्या गोल झोपड्या, शिळांनी झाकलेल्या कबरी, धान्य वाळवण्याची भट्टी. दगडी प्रार्थनागृहाआधी तिथे लाकडाचे होते असे खांबांच्या खड्ड्यांवरून दिसले. भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या वा तेलाच्या रांजणांचे तुकडेही सापडले. आणि उभ्या शिळेवर वर्तुळातला क्रूस, त्याखाली लोहयुगापासून चालत आलेल्या वळणाची नागमोडी नक्षी, बाजूला ‘हे प्रभो’ या लॅटिन संबोधनाची संक्षिप्त अक्षरे. हे सगळे मांडून पाहिले की त्याची ठेवण त्या काळच्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या कोटासारखी दिसते: तेच गोल कुसू, त्याच झोपड्या, तीच भट्टी. सुरुवातीच्या चर्चने आपला नकाशा बाहेरून आणला नाही. घराण्याच्या वाड्याचाच घेतला.

क्रूस म्हटला की त्यामागे सत्ता दिसावी, अशी आपल्याकडची आठवण आहे. गोव्यात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली तेव्हा पाद्र्यांमागे पोर्तुगीज राज्य उभे होते. तो अनुभव खरा आहे, पण पाचव्या शतकातल्या आयर्लंडवर तो लादता येत नाही. रोमने ते बेट कधीच जिंकले नाही. तिथे शहरे नव्हती, नाणी नव्हती, मध्यवर्ती सत्ता नव्हती. होती ती शेकडो लहान राज्ये आणि त्यांतली घराणी. जमीन घराण्याच्या मालकीची, तेव्हा चर्चला जागा हवी तर ती घराण्याकडूनच मिळणार, आणि मठाचा प्रमुखही पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच रक्तातून येणार. संघर्ष झाला नसेल असे मी म्हणत नाही. पॅट्रिकने स्वतः आपल्यावर आलेली संकटे नोंदवली आहेत. पण त्या संघर्षाचा पुरावा म्हणून ओघम दगड पुढे करता येत नाहीत.

मग दगडांची अवहेलना कशी झाली? कारण ती झाली आहे. केरीतल्या कूलमॅगर्ट येथे १८३८ मध्ये एक भुयार उघडले, तर त्याच्या छताला ओघम दगड आडवे घातलेले. वॉटरफर्डमधल्या ड्रमलोहन येथे १८६७ मध्ये तसेच भुयार मिळाले आणि त्यातून दहा दगड बाहेर आले. ही भुयारे ओघमच्या काळानंतर दोन-तीन शतकांत बांधलेली. यात धर्मद्वेष शोधणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की भुयाराला लागणारे लांब, अरुंद, आयते दगड जवळ कुठे मिळणार होते? आठव्या-नवव्या शतकांपर्यंत भाषा इतकी बदलली होती की जुनी रूपे वाचणारा विरळा, जमिनी हातोहात गेल्या होत्या, आणि हक्क आता चर्मपत्रावर लिहिला जाऊ लागला होता. ज्या घराण्याने दगड उभा केला ते संपले किंवा हलले की दगडाची साक्षही संपली. जमिनीच्या कागदाची मुदत संपावी तसे ते झाले, आणि म्हणूनच ते दगड कागद होते या म्हणण्याला बळ मिळते.

पुढची गोष्ट जास्त दुःखाची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या जागा कळत नाहीत. बाप्तिस्मा न होता दगावलेल्या अर्भकांना कॅथलिक नियमाने पवित्र भूमीत जागा नव्हती. विसाव्या शतकापर्यंत ग्रामीण आयर्लंडमधले आईबाप अशी बाळे ओसाड पडलेल्या जुन्या आवारांत पुरत, बहुधा रात्री, गाजावाजा न करता. अशा जागांना केरीत ‘कॅलूनाख’ म्हणतात. रीस्क शेवटी तशीच एक जागा झाली होती, बॅलिंटॅगर्टही. गवतात डोकावणारे बिननावाचे छोटे दगड ही त्या बाळांची खूण. तिथे नांगर घालायला कोणी धजले नाही, आणि त्यामुळे पंधराशे वर्षांपूर्वीचे दगडही वाचले. याला पाचव्या शतकापासूनची अखंड श्रद्धा म्हणणे चूक ठरेल. या दफनांचा बराचसा भाग अलीकडच्या तीन-चार शतकांतला आहे. पण अधिकृत चर्चने दार बंद केले तेव्हा लोकांनी आपले मूल जुन्या, ओळखीच्या मातीत ठेवले, हे या भूमीच्या इतिहासातले माझ्या मते सर्वांत माणुसकीचे पान आहे.

आज धोका वेगळा आहे. कायद्याचे संरक्षण १९३०पासून आहे, पण दगडाची कड कायदा वाचत नाही. दगड संग्रहालयात हलवले तर पाऊस टळतो. कॉर्कच्या विद्यापीठात आणि डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात असे कितीतरी सुरक्षित उभे आहेत. मात्र तिथे दगड मुळात कोणत्या ओढ्याच्या काठी, कोणत्या कुळाच्या सीमेवर उभा होता ही निम्मी माहिती तुटते. म्हणून ॲराग्लेनसारखे दगड जागेवरच राहावेत आणि त्यांचा मजकूर दुसऱ्या मार्गाने जपावा, असे माझे ठाम मत आहे. तो मार्ग सापडला आहे. डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीज या संस्थेने गेल्या दशकात दगडांची लेझरने त्रिमिती मोजणी सुरू केली, आणि डोळ्याला न दिसणारी खाचही पडद्यावर प्रकाश फिरवून वाचता येऊ लागली. ही प्रतिरूपे ‘ओघम इन थ्रीडी’ या नावाने इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. डिंगलला प्रत्यक्ष जाणाऱ्यांना एकच विनंती: अक्षरे उठून दिसावीत म्हणून रेघांत खडू भरू नका, कागद ठेवून ठसा घासू नका, आणि फोटोसाठी कडेला हात टेकू नका, कारण सगळा लेख त्या कडेवरच आहे.